पंख्यातली हळद
दसरा झाला की दुकानात दुरुस्तीला आलेल्या कॉम्प्युटरमधून हळदीचा वास येतो, आणि मला कडेगावचे ते आजोबा आठवतात. विश्रामबागेतल्या या दुकानात मी तेव्हा नवीनच कामाला लागलो होतो. पूजेतलं हळदकुंकू पुढच्या जाळीतून आत जाऊन त्यांच्या मशीनचा पंखा अडकला होता. टेबलावरचा कॉम्प्युटर कंपनीचा ग्राहक-सूचनांचा फॉर्म बघून ते म्हणाले, "लिव की रं त्यात. जाळी मागं घ्या, फुडं कुंकवाला जागा ठिवा म्हनावं. पूजा तर आमी करनारच." दिवसभर मशीनं उघडून मी वैतागलो होतो; नुसती मान हलवली आणि ते गेल्यावर लिहिलं, 'सूचना नाही'. आज सकाळपासून ब्रशनं हळद झाडतोय, हे नववं मशीन. अगदी नवीन मॉडेल आहे. जाळी पुढंच आहे.