ताटातला भंडारा

दारूबंदी लागू झाल्यावर आमच्या पवनाकाठच्या गावात दारू उरली नव्हती, असे पोलीस पाटलांचे म्हणणे होते. भट्टी नदीलगतच्या बाभळीत होती आणि दिवस कलला की गावातले निम्मे पुरुष बाभळींची पाहणी करायला जात. त्यात माझे थोरले भाऊ आघाडीवर. जत्रेत बैलगाडा हाकण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. परतताना मात्र तो कोणाला तरी धरावा लागे.

एके दिवशी वहिनींनी पत्र्याची ट्रंक भरून दाराशी ठेवली. पुन्हा पिऊन आले, तर मुलांना घेऊन चाकणला माहेरी, कायमच्या.

भाऊ घाबरले. सोडतो म्हणाले. पण संध्याकाळी सोबती हाक मारणार, हे त्यांनाही ठाऊक होते. तेव्हा गावाने काम अंगावर घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळीच खंडोबाच्या देवळात बैठक बसली. दारूचे नाव निघाले असते, तर पाटलांना वर कळवावे लागले असते. म्हणून भावांच्या 'पोटदुखी'वर बराच वेळ चर्चा झाली. पोटदुखी संगतीने जडते, यावर एकमत झाले. भावांनी देवासमोर बेल-भंडारा उचलून शपथ घ्यावी, असे ठरले.

बायका पायरीखाली उभ्या होत्या. पदर सावरून वहिनी पाटलांना म्हणाल्या, "संगतीनं जडती म्हणता, तर पयला भंडारा तुमी उचला, मामा. मग समद्यांनी. यांनी शेवटाला."

पाटलांना म्हशीची धार आठवली. दुसऱ्या एकाला खोकल्यावर वैद्याने बाभळीतले औषधच सांगितले होते. बैठक उद्यावर गेली.

वहिनी उद्यापर्यंत थांबल्या नाहीत. दुपारभर घरोघर फिरल्या. दिवस कलायच्या आत बायकांनी पुरुषांना जेवायला बसवले. ताटात बेलाचे पान आणि चिमूटभर भंडारा होता. उचलेल त्याला भाकरी. पाटलांच्या घरीही तेच ताट. देवाचा भंडारा मागे सारायची हिंमत कोणाची झाली नाही.

बाभळीची वाट ओस पडली. भावांना हाक मारायला कोणी राहिले नाही. पुढे बैठकीने पाटलांचा नारळ-फेटा देऊन सत्कार केला. गावाची पोटदुखी त्यांनी घालवली होती. टाळ्या वाजवून भाऊ घरी आले आणि ट्रंक आत ठेवू का, असे त्यांनी विचारले.

"ऱ्हाऊ द्या तितंच," वहिनी म्हणाल्या. "अजून जत्रा जायची हाय."