डिम्पना क्विगची पुढची खोली

आमच्या गल्लीला आता सिनेमावाल्यांची सवय झाली आहे. बेलफास्टमध्ये कोणाला मरायला लावायचं असलं की ते इथेच येतात. लाल विटांची बुटकी घरं, वर राखाडी आभाळ, आणखी काय हवं त्यांना? कोपऱ्यावरचा म्हातारा बार्नी मलग्र्यू आजवर तीन सिनेमांत गोळी लागून पडला आहे. मी दोन सिनेमांत रडले आहे, त्यातल्या एकात पाठमोरी. त्या सिनेमांतली आमची माणसं सारखी ओरडतात आणि दारू पितात. साधा चहा कोणी पीत नाही. परदेशी नट आमची बोली बोलायला लागला की बार्नी थिएटरात बसल्या जागेवरून ओरडतो, "अरे, त्याच्या तोंडातला गरम बटाटा काढा रे कोणीतरी!"

माझी शेजारीण डिम्पना क्विग मात्र कधी गेली नाही, ना सिनेमात ना सिनेमाला. तिच्या-माझ्या घरात एकच भिंत, आणि तीही इतकी पातळ की तिने शेगडीत कोळसा टाकला तर मला कळतं. इस्पितळाच्या चादरींना इस्त्री करण्यात तिची तीस वर्षं गेली. लग्न केलं नाही. चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसायची आणि सगळ्यांच्या आधी बाहेर पडायची, म्हणजे दारात कोणाशी बोलावं लागू नये. खरं सांगायचं तर कोणाला तिच्याशी बोलावं लागू नये म्हणून.

तिचा भाऊ मलाकी एकोणीस वर्षांचा होता. ब्रेडच्या गाडीवर कामाला होता. रोज सकाळी इंग्रज सैनिक ती गाडी अडवायचे, आणि हा बोलका पोरगा त्यांच्याशीही बोलायचा. एकदा कोणीतरी त्याला एका सैनिकाकडून सिगारेट घेताना पाहिलं. बस. एका सिगारेटवरून मुलगा खबऱ्या ठरला. १९७४च्या नोव्हेंबरात भर दुपारी तिघे जण गाडी घेऊन आले. परके नव्हते, इंग्रजांविरुद्ध लढणारे, आमच्याच बाजूचे होते. "मिसेस क्विग, अर्ध्या तासात आणून सोडतो," म्हणाले. तो अर्धा तास अजून संपला नाही. अशा नेलेल्या माणसांना गावाबाहेरच्या दलदलीत पुरायचे; पुढे सरकारी खोदणारे दोनदा ती दलदल उपसून गेले, पण एक हाडही मिळालं नाही.

आमच्याकडे माणूस गेला की दार उघडं ठेवतात. पुढच्या खोलीत शवपेटी, शेजारी आई किंवा बायको. सगळी गल्ली रांगेने आत येते, घरच्यांचा हात हातात घेते, "फार वाईट झालं" म्हणते आणि चहा पिते. मग जपमाळ होते. एकाने प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग म्हणायचा, उरलेला अर्धा जमलेल्यांनी. पन्नास वेळा. एकट्याने म्हणायची ती गोष्टच नाही.

आठवडा झाला तरी मलाकी परत आला नाही, तेव्हा त्याच्या आईला जे कळायचं ते कळलं. पेटी नव्हती, तरी रोझ क्विगने पुढची खोली झाडली, दोन सोडा ब्रेड भाजले, आपले निळ्या काठाचे चांगले कप मांडले आणि दार उघडून बसली. खबऱ्याच्या घरी कोण जाणार? सात दिवस कोणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी तिने माझं दार वाजवलं. "ऊना, चहा टाकलाय गं, ये ना," असं दाराबाहेरून म्हणाली. माझा नवरा डेक्लन हलक्या आवाजात म्हणाला, "दार उघडलंस तर उद्या ती गाडी आपल्या दारात." माझ्या मांडीवर तान्हं मूल होतं. मी मिठाची गुळणी धरून बसले. संध्याकाळी भिंतीपलीकडून जपमाळ ऐकू आली. पहिला अर्धा भागही रोझच म्हणत होती आणि दुसराही. तेव्हा डिम्पना सतरा वर्षांची होती. तिला रडण्यामुळे एक शब्द बोलता येत नव्हता. सातही संध्याकाळी मी ते ऐकलं आणि सातही संध्याकाळी रेडिओचा आवाज वाढवला.

आठव्या दिवशी रोझने त्या खोलीला कुलूप लावलं. ती वारली तरी डिम्पनाने ते उघडलं नाही.

म्हणून सिनेमावाल्यांनी ती खोली भाड्याने घेतल्याचं ऐकलं तेव्हा मी तडक तिच्याकडे गेले. शूटिंगसाठी जुनी घरं शोधत हिंडणाऱ्या एका मुलीने खिडकीतून चुकून आत पाहिलं होतं. भिंतीवरचा कागद, पडदे, कप, सगळं १९७४चं. तिला हर्षवायू व्हायचाच बाकी राहिला होता.

"तू हो म्हणालीस?" मी विचारलं.

"ते पेटी आणणार आहेत, ऊना," डिम्पना म्हणाली. "आणि गल्लीतली तीस माणसं. जपमाळसुद्धा होणार आहे. हे बघ, कागदावर लिहिलंय." तिने तो कागद चार वेळा घडी घालून पर्समध्ये ठेवला होता. "त्या खोलीत मलाकीसाठी एकदा पुरी जपमाळ होऊ दे. माणसांनी उत्तर दिलेली. मग मी मरायला मोकळी."

"अगं, पण ते नाटक आहे."

"असू दे की. खऱ्याला कोण आलं होतं?"

ज्याचं जळतं त्यालाच कळतं, आणि मी तर भिंतीपलीकडून नुसता धूर पाहिलेला.

शूटिंगच्या दिवशी आम्ही तीस जण जुने कोट घालून तिच्या दाराबाहेर रांगेत उभे राहिलो. सिनेमातल्या मुलाला सैनिकांनी मारलं होतं. तसा मुलगा सगळ्यांना चालतो. पेटीत तोंडाला मेण लावलेला एक तरुण नट डोळे मिटून पडला होता. उशाशी डब्लिनची एक नामांकित नटी आई होऊन बसली होती. डिम्पनाला कोपऱ्यातली खुर्ची दिली होती, कोणाची तरी मावशी म्हणून. तिला बोलायचं काही नव्हतं. टोबी नावाचा दिग्दर्शक लंडनचा, तरुण, स्वभावाने गोड. त्याने आम्हाला समजावलं, "आत या, आईचा हात धरा, वाईट झालं म्हणा, पुढे सरका. बस."

पहिला बार्नी. तो आत गेला, टोपी काढली, नटीच्या समोरून सरळ पुढे गेला आणि डिम्पनापाशी थांबला. तिचा हात दोन्ही हातांत धरला. "फार वाईट झालं, डिम्पना."

"कट!" टोबी म्हणाला. "बार्नी, आई इकडे आहे."

"हो रे बाळा, माझंच चुकलं," बार्नी ओशाळून म्हणाला. "ऐंशी वर्षांची सवय आहे. मयताच्या घरात शिरलं की पाय घरच्या माणसाकडेच जातात."

दुसऱ्या वेळी बार्नी बरोबर गेला, पण त्याच्यामागची जेरल्डीन चुकली. तिसऱ्या वेळी तर सलग तिघे. कोणी ठरवलं नव्हतं. बाहेर रांगेत हसणारी, टोबीच्या बुटांना नावं ठेवणारी माणसं उंबरा ओलांडला की गप्प व्हायची आणि कोपऱ्याकडे वळायची. टोबीला काही कळेना. शेवटी ती नटीच म्हणाली, "टोबी, कॅमेरा बंद कर. त्यांना एकदा जाऊ दे."

कॅमेरा बंद झाला. रांग चालू लागली. डिम्पना कप मांडीवर ठेवून ताठ बसली होती आणि प्रत्येकाला मान हलवून उत्तर देत होती. माझी पाळी आली. मी तिचा हात धरला, पण माझ्या तोंडून तीन शब्द निघेनात. तीच म्हणाली, "ये, ऊना. आई तुझी फार वाट बघत होती."

तिने ते टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं, आणि म्हणूनच ते मला अजून टोचतं.

मग कॅमेरा लावून सगळं पुन्हा झालं, यावेळी शहाण्यासारखं. मग जपमाळ. सगळे गुडघ्यावर बसलो. नटीने सुरुवात केली, आम्ही तिसांनी उत्तर दिलं, आणि ती छोटी खोली भरून गेली. डिम्पनाने डोळे मिटले. दुसरी प्रार्थना झाली, तिसरी झाली.

"कट! सुंदर!" टोबी म्हणाला. "एवढं पुरे."

पेटीतला नट उठून बसला आणि त्याने सँडविच मागितलं. डिम्पना अजून गुडघ्यावरच होती. बोटं चौथ्या मण्यावर.

"अजून सत्तेचाळीस आहेत, बाळा," ती टोबीला म्हणाली.

"आम्हाला एवढंच लागतं हो," तो अगदी आदराने म्हणाला, आणि माणसं दिवे उचलायला लागली.

माणसं पांगायला लागली तशी ती दारात उभी राहून प्रत्येकाला सांगत होती, "उद्या चार वाजता या हं. जपमाळ पुरी करू. ब्रेड भाजते." सगळे म्हणाले, येतो की. बार्नीने तर छातीवर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारपासून भिंतीतून ब्रेडचा वास येत होता. साडेतीनला तिने पुढचं दार उघडलं. मी पडद्यामागून पाहत होते. जेरल्डीन रस्त्याच्या पलीकडून गेली, भाजीची पिशवी सांभाळत. चारच्या सुमाराला बार्नी कोपऱ्यावर आला, टोपी हातात घेऊन थोडा वेळ उभा राहिला आणि परत वळला. काल कॅमेरा होता; कोणी विचारलं असतं तर सिनेमासाठी गेलो होतो म्हणता आलं असतं. आज काय म्हणायचं? मलाकीला नेणाऱ्या त्या तिघांपैकी एक अजून जिवंत आहे आणि याच वस्तीत ब्रेड विकत घेतो, हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे.

साडेचारला भिंतीपलीकडे डिम्पनाचा आवाज सुरू झाला. प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग. आणि मग ती थांबली.

रोझ थांबली नव्हती. रोझ दोन्ही बाजू स्वतःच म्हणत गेली होती. डिम्पना थांबून राहिली.

डेक्लन जाऊन नऊ वर्षं झाली. आता मला अडवायला घरात कोणी नव्हतं, फक्त मी होते. मी चप्पल न घालता बाहेर पडले आणि तिच्या उघड्या दारातून आत गेले. निळ्या काठाचे तीस कप ओळीत मांडले होते. ती रिकाम्या जागेसमोर गुडघ्यावर बसली होती, पेटी काल जिथे होती तिथे. तिने मागे वळून पाहिलं नाही. मी तिच्या बाजूला गुडघे टेकले आणि उरलेली अर्धी प्रार्थना म्हटली.

ती पुढची म्हणायला लागली. पन्नास पुऱ्या होईपर्यंत दार उघडंच होतं. दुसरं कोणी आलं नाही.