बायस्टँडरला चहाला पाठवा

त्रिशूरच्या आमच्या कॅन्सर इस्पितळात मी ग्रंथपाल होते. डॉक्टरांच्या छापून आलेल्या शोधनिबंधांची नोंद माझ्याकडे असे. निबंध आला की डॉक्टर मंडळी हलव्याचा डबा घेऊन येत, आणि निबंध दुसऱ्या कुणाकडून लिहून घेतलेला असला तर डबा जरा मोठा असे. मनोविकारतज्ज्ञ रेमादेवी मात्र हात हलवत यायच्या. ‘अंबिली, वाच. तुला कळलं तर मी नीट लिहिलंय,’ म्हणायच्या. मी त्यांना चेची, म्हणजे ताई, म्हणायची.

कॅन्सरमधून उठलेल्या माणसांच्या मनाचं पुढे काय होतं, हा चेचींचा विषय. बाकीचे डॉक्टर हसायचे. ‘बरी झालेली माणसं घरी गेली, आता त्यांचा पिच्छा कशाला?’ पण त्यांचा एक निबंध परदेशी नियतकालिकात गाजला. बऱ्या झालेल्या बहुतेक बायका शांत झोपतात, निर्धास्त असतात, असा त्याचा निष्कर्ष होता. प्राध्यापकपदाची मुलाखत तोंडावर आली होती आणि चेचींची सारी भिस्त त्या निबंधावर होती.

पाहणी पुढे चालूच होती. त्याच सुमारास या निबंधासाठी बायकांना प्रश्न विचारणारी जेसी बाळंतपणाच्या रजेवर गेली. चेची स्वतः विचारायला बसल्या, उत्तरं लिहायला मला घेतलं. पहिली बाई आली, तिला चंद्रिका म्हणू या. बरोबर नवरा, सुकुमारन. आमच्याकडे पेशंटबरोबर घरचं एक माणूस असतंच, त्याला आम्ही बायस्टँडर म्हणतो.

‘झोप लागते का, चंद्रिका?’

‘छान लागते,’ सुकुमारन म्हणाला. ‘पडल्या पडल्या घोरते.’

‘भीती वाटते कधी?’

‘आता कसली भीती, डॉक्टर? मी आहे ना.’

चंद्रिका नुसती हसली. चेचींनी माझ्या हातातलं पेन काढून घेतलं.

‘सुकुमारनचेट्टा, कँटीनमध्ये गरम केळ्याची भजी निघालीत. चहा पिऊन या.’

‘तिला सोडून? मी बायस्टँडर आहे.’

‘तेवढा वेळ मी होते.’

तो कुरकुरत गेला. चेट्टा, चेट्टन म्हणजे दादा; आमच्याकडे बायका नवऱ्यालाही तेच म्हणतात. चेचींनी तेच प्रश्न पुन्हा विचारले. चंद्रिकेनं आधी दाराकडे पाहिलं.

‘चेट्टन झोपले की मी चाचपून बघते, परत गाठ आली का. रोज.’

‘त्यांना सांगितलं नाहीस?’

‘माझ्या आजारपणात ते रोज पेज करून भरवायचे. अजून बरं वाटत नाही, हे कुठल्या तोंडानं सांगू?’

चेचींनी जेसीला फोन लावला, बायकांना एकट्यानं विचारायचीस का म्हणून. जेसीला प्रश्नच कळेना. ‘घरचा माणूस समोर असताना बाईला कसं विचारायचं, मॅडम? त्याचा अपमान नाही का होत? बायस्टँडरच सांगतात.’

निबंध मागे घ्यायचं ऐकून विभागप्रमुख वर्गीस म्हणाले, ‘आधी मुलाखत होऊ द्या, मग काय ते करा.’

‘तोवर हा निबंध वाचून एखादा डॉक्टर अशा बाईला झोपेचं विचारणारच नाही,’ चेची म्हणाल्या. त्यांनी निबंध मागे घेतला. पद दुसऱ्याला मिळालं.

माझा संताप झाला. ‘डोकं फिरलंय का तुमचं, चेची?’

‘हे मनोविकारतज्ज्ञाला विचारतेस?’ म्हणून त्या हसल्या. पण त्यांना ते पद हवं होतं, फार हवं होतं.

मग सगळं पहिल्यापासून सुरू झालं. या वेळी बायस्टँडर चहाला जात, कँटीनवाल्याची चांदी झाली. नवा निबंध एका साध्या नियतकालिकात आला. निम्म्याहून जास्त बायका घाबरलेल्या होत्या. कुणी वाहवा केली नाही.

पुढच्या तपासणीला सुकुमारन दारातच थबकला. ‘जातो चहाला,’ म्हणाला, पण गेला नाही. तपासणी आटोपून चंद्रिका औषधांच्या रांगेत गेल्यावर तो आत आला.

‘डॉक्टर, मलाही एकदा विचारा.’

‘बसा. झोप लागते?’

‘ती चाचपते ते मला कळतं. मी जागा आहे हे तिला समजू नये म्हणून घोरत पडतो.’

चेचींनी मला पेन दिलं. त्यांचा पुढचा निबंध बायस्टँडरांवर होता.