पाचच मिनिटं

आमच्या नारायण पेठेतले गॅरेजवाले कुत्र्यांना ‘अहो’ म्हणतात आणि गिऱ्हाइकांना नुसतं ‘काय?’. परवा भर उन्हात मी त्यांच्या दारात गाडी लावली आणि आमच्या कुत्र्याला, बंड्याला, आत ठेवून काचा चढवल्या. “पाच मिनिटांत चक्का घेऊन येतो,” म्हणालो.

त्यांनी बंड्याला बाहेर काढलं. “आता तुम्ही आत बसा. पाचच मिनिटं.”

मीही हौशी, ऐटीत बसलो! शर्ट पाठीला चिकटला, जीव घाबरा झाला आणि शेवटी दार ढकलून मी बाहेर कोसळलो.

ते सावलीत बंड्याला वाडग्यातून पाणी पाजत होते. “अहो बंडोपंत, सावकाश!” मग घड्याळ बघून मला म्हणाले, “दोनच झाली. बरं आहे, तुम्हाला दार उघडता येतं.”