येतो म्हणजे जातो

आमचे मामा शांतिसेनेचे दुभाषे. त्याआधी ते हॉटेलच्या काउंटरवर परदेशी पाहुण्यांना 'गरम पाणी संध्याकाळी येईल' असं इंग्रजीतून सांगायचे. तेवढ्या भांडवलावर फौजेने त्यांना उचललं.

दवाखाना शाळेत होता. गच्चीवर एका देशाचे सैनिक, फाटकावर दुसऱ्याचे, औषधं तिसऱ्याची. सगळ्यांना बांधणारा धागा म्हणजे मामा, आणि धागा भलताच भित्रा. मामी तिथेच नर्स. "अहो, त्या थरथरत्या पायांखाली शिलाई मशीन ठेवू का?" असं ती विचारायची.

त्या दुपारी डोंगरातले बंदूकवाले त्यांचा जखमी माणूस घेऊन आले. कॅप्टन ओरडला, "शस्त्रं बाहेर!" मामांनी त्याचं भाषांतर केलं, "बंदुका जरा बाहेर टेकवता का, दादा?" टेकवल्या. डॉक्टरांनी रक्त थांबवलं, पण शहरातल्या मोठ्या इस्पितळात न्यायला सांगितलं. बंदूकवाल्यांच्याच जीपमध्ये जखमीला झोपवलं. सलाईनची बाटली धरून मामी शेजारी बसली.

म्होरक्याने बंदूक उचलली, वळला आणि म्हणाला, "येतो आम्ही."

"काय म्हणतोय?" कॅप्टनने विचारलं.

शब्दाला शब्द ठेवून मामा म्हणाले, "वुई आर कमिंग."

कॅप्टन वायरलेसवर काहीतरी पुटपुटला. गच्चीवर खटाखट आवाज झाले. मामांनी वर पाहिलं. सगळ्या बंदुकांच्या नळ्या जीपकडे. जीपमध्ये बाटली उंच धरलेला मामीचा हात.

गरम पाण्यापुरतं जमवलेलं इंग्रजी पळून गेलं. "नो, नो! कमिंग म्हणजे गोइंग!"

कॅप्टनचा चेहरा दगडासारखा. हात वर. तो खाली आला की संपलं.

तेवढ्यात जीपमधून मामीचा आवाज आला, "अहो, येते हं! जेवण झाकून ठेवा!"

"सेम! माय वाईफ! सेम वर्ड!" मामा किंचाळले.

जीप सुरू झाली आणि दूर जाऊ लागली. कॅप्टन उडणाऱ्या धुळीकडे बघत राहिला. मग त्याने वायरलेस तोंडाशी नेला, दोन शब्द बोलला. गच्चीवरच्या नळ्या आधी खाली झाल्या, मगच त्याचा हात.

मामा फाटकापाशी बसून राहिले. मघाशी त्या शब्दाचा अर्थ 'परत येतो' असा नसावा म्हणून जीव कासावीस झाला होता. आता तोच अर्थ असावा म्हणून. कॅप्टन शेजारी येऊन उभा राहिला. "कमिंग म्हणाली ना ती?"

मामा उठून आत गेले आणि जेवण झाकून आले.

दिवेलागणीला मामी जीपमधून उतरली, रिकामी बाटली हातात. "असे काय बघताय? म्हटलं होतं ना, येते म्हणून?"

अजूनही ती कोपऱ्यावर दूध आणायला निघते, "येते हं" म्हणते आणि मामांचा चहाचा कप दाराची कडी पुन्हा वाजेपर्यंत हवेतच थांबतो.