काट्याची वायर आधी

आरमोरीजवळच्या एका राईस मिलमध्ये मी कॉम्प्युटर सांभाळायचो. धानाच्या हंगामात गेटवर माझ्याइतका मान कोणालाच नव्हता. ट्रॅक्टर काट्यावर चढला की वजन वायरीने कॉम्प्युटरमध्ये येई आणि शेजारच्या प्रिंटरमधून पावती निघे. लिनक्सवरची एक सर्व्हिस, म्हणजे मागे गुपचूप चालू राहणारा प्रोग्राम, हे काम करी. लाइट जाऊन आली की मात्र हमखास घोळ व्हायचा. काटा आणि प्रिंटर, दोघांना कॉम्प्युटरशी जोडणारे कन्व्हर्टर दिसायला सारखेच. मशीनला जो आधी दिसेल तो शून्य नंबर, दुसरा एक. सर्व्हिस वजन शोधायची शून्यावर. तिथे प्रिंटर येऊन बसला की वजन बंद, आणि ट्रॅक्टरची रांग पार रस्त्यापर्यंत.

मग मला बोलावणं यायचं. माझा उपाय ठरलेला: दोन्ही वायरी उपटायच्या, काट्याची आधी लावायची, मनात दहा मोजायचे, मग प्रिंटरची लावायची, आणि सर्व्हिस पुन्हा चालू करायची. हे करताना मी अंग असं आडवं धरायचो की मागच्यांना काही दिसू नये. दोन मिनिटांचं काम दहा मिनिटं चालायचं. शेतकरी खिडकीतून डोकावत, हमाल बिडी विझवून उभे राहत. खरं सांगतो, मी लाइट जाण्याची वाट बघायचो.

अशात राजुऱ्याची एक मुलगी कामावर लागली. पहिल्याच आठवड्यात वजन बंद पडलं. मी वायरींना हात घालणार, तोच ती म्हणाली, "थांबा न भाऊ. आधी लॉग पाहू, काऊन बंद पडलं ते."

लॉग म्हणजे मशीनची रोजनिशी. कोणती वायर कधी दिसली, कोणती सर्व्हिस कधी पडली, सगळं वेळेसकट त्यात उमटतं. अशी रोजनिशी असते हे मला माहीत होतं, पण मी कधी उघडली नव्हती. दहा मोजून काम होत असताना वाचत कोण बसतो?

ती वाचत बसली. मग म्हणाली, "भाऊ, या दोन्ही कन्व्हर्टरचे सिरीयल नंबर वेगळे आहेत. हा नंबर दिसला की त्याले काटाच म्हण, असं मशीनले सांगून देऊ. मंग कोणीबी आधी येवो." तिने एका फाइलीत दोन ओळींचा नियम लिहिला आणि सर्व्हिसला शून्य सोडून 'काटा' शोधायला सांगितलं. त्यानंतर लाइट कितीही वेळा गेली तरी वजन बंद पडेना. मला बोलावणंही येईना.

हेवा वगैरे पुस्तकी शब्द राहू द्या, मी सरळ सरळ जळत होतो. तिचं हसणं खुपायचं, तिचा डबासुद्धा खुपायचा. वयाने माझ्या निम्मी, तरी हमाल तिला बाई म्हणू लागले होते. कोणी तिचं कौतुक केलं की मी लगेच म्हणायचो, "मलेबी ठाऊक होतं ते." घरी बायको म्हणाली, "एवढी हुशार पोरगी आहे, तर शिकून घ्या न तिच्यापासून." त्या दिवशी मी ताटावरून उठलो.

एका दुपारी सगळे जेवायला गेलेले पाहून मी माझ्या लॉगिनने आत शिरलो, तिची नियमाची फाइल काढून टाकली आणि मशीन बंद करून चालू केलं. मग चिंचेखाली डबा उघडून हाकेची वाट पाहत बसलो.

हाक आली. मॅनेजर ओरडत होता, "अरे, त्या बाईले बोलवा लवकर!"

मीही मागोमाग गेलो. तिने लॉग उघडला. सर्व्हिस 'काटा' शोधत होती, सापडत नव्हता, पुन्हा उठत होती, पुन्हा पडत होती. त्याच्या वर दुपारची वेळ, माझं लॉगिन, आणि फाइल काढून टाकायला मी दिलेली कमांड, अक्षर न अक्षर. ज्याने ती रोजनिशी कधी वाचली नाही, त्याला तीत आपलंही लिहिलं जातं हे कुठून कळणार?

"का झालं बाई?" मॅनेजर दारातून आत येत म्हणाला.

तिने एक शब्द काढला असता तर माझी नोकरी त्याच दुपारी गेली असती, आणि तालुक्यात तोंड दाखवायला जागा उरली नसती. तिने स्क्रीनवरच्या त्या ओळी घालवल्या आणि उठली.

"नियमाची फाइल गेली दिसते. मले नाई जमून राह्यलं. भाऊ, तुमी बसा."

मी बसलो. पुढे काय करायचं हे मला ठाऊक नव्हतं. पावत्या आवरायच्या निमित्ताने ती वाकली आणि हळूच म्हणाली, "जुनी कॉपी माह्या फोल्डरमध्ये आहे." मी ती जागेवर ठेवली, मशीन पुन्हा चालू केलं. वजन आलं. बाहेर ट्रॅक्टर सुरू झाले.

"पाह्यलं का बाई?" मॅनेजर माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणाला. "अनुभव असा कामी येते."

"हो न," ती म्हणाली आणि पुढची पावती फाडू लागली.

मला हवं होतं ते सगळं परत मिळालं होतं, आणि तिच्याकडे पाहून मी आधीपेक्षा जास्त जळत होतो. लॉग वाचणं काय, उशिरा का होईना शिकता आलं असतं. पण तिच्या जागी मी असतो तर मॅनेजरला बोलावून, बोट ठेवून ती ओळ दाखवली असती.