दिवसाआडचं जेवण

पंच्याण्णवच्या सुमारास मी मंचरला एका डॉक्टरांकडे नर्स होते. डोंगरातल्या तळेघरच्या बाजूची, हनुवटीवर गोंदलेली एक बाई तिथं आली. बाकडं रिकामं असूनही ती भिंतीला टेकून उभीच राहिली. आत नेल्यावर हळूच म्हणाली, "मूळव्याध हाय. तीन वर्सं झाली."

डॉक्टरांना ती तपासू देईना. शेवटी मीच पाहिलं. कुणीतरी दिलेल्या लेपानं तिथली कातडी भाजली होती, आणि मधे एक खोल चीर होती. मी सांगितलं ते ऐकून डॉक्टर म्हणाले, "मूळव्याध नाही, जुनी चीर आहे. मलमानं भरेलसं वाटत नाही. छोटं ऑपरेशन करू."

"बाप्या मानसापुढं? न्हाई जमायचं."

"मग कोमट पाण्यात बसत जा. भाजीपाला खा, पोटभर जेवा," मी म्हटलं.

ती म्हणाली, "बाई, खाल्लं की परसाकडं जावं लागतं. म्हनून मी दिसाआडच जेवते."

मलम घेऊन गेली ती पुन्हा आली नाही. वर्षभरानं तिच्या वाडीतला एक म्हातारा दवाखान्यात आला, तेव्हा मी तिची चौकशी केली.

"ती व्हय? लई देवभोळी," तो कौतुकानं म्हणाला. "सारखी उपास करती. निस्ती हाडं राह्यलीत."